एका रिळात किती समुद्र

गोड्या पाण्यात ट्राउट धरणारी माणसं रिळाबद्दल जरा तुच्छतेनेच बोलतात. त्यांच्या मते रीळ म्हणजे दोरी गुंडाळून ठेवायची सोय. खरी कला फेकीत आणि बोटांत. ओढ्यातल्या पाव किलोच्या माशापुरतं ते खरंही आहे. तो पळून पळून पळणार कुठे, तर पलीकडच्या खडकापर्यंत. दोरी हाताने ओढून घेतली तरी भागतं. समुद्रातल्या माशाला मात्र पळायला अख्खा अटलांटिक मोकळा असतो, आणि मग सगळी भिस्त त्या 'दोरी गुंडाळायच्या सोयी'वर येऊन पडते.

मी मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो. मे महिन्यात केप कॉडच्या किनाऱ्याला स्ट्राइप्ड बास येऊ लागतात. सप्टेंबरात फॉल्स अल्बकोर येतो. हा आपल्याकडच्या कुप्याच्या गोतातला, आणि गळाला लागल्यावर थांबणं त्याला ठाऊक नसतं. वसंतात सुट्टी आणि पैसे यांचा मेळ बसला तर फ्लोरिडा कीजला जायचं, बोनफिशसाठी. पाणी तीन तऱ्हांचं, मासे तीन स्वभावांचे आणि गृहखात्याने मंजूर केलेलं रीळ एक. त्यामुळे 'कुठेही चालेल असं एकच रीळ कोणतं' हा माझ्यासाठी हौशी चर्चेचा विषय नाही, खिशाचा आहे.

ज्यांनी फ्लाय फिशिंग पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. आमच्या वेंगुर्ल्यात खडपावर बसून गरवणारा माणूस दोरीला शिसं बांधतो, गरीला कोळंबी लावतो आणि शिशाच्या वजनावर दोरी लांब भिरकावतो. फ्लाय फिशिंगमध्ये शिसं नाही, कोळंबीही नाही. पिसं, केस आणि चमकीचे धागे आकड्यावर बांधून केलेली 'फ्लाय' असते, आणि तिला वजन जवळजवळ नाहीच. मग लांब जायला लागणारं वजन आणायचं कुठून? ते दोरीतच भरलेलं असतं. प्लास्टिकचा लेप दिलेली, साधारण शंभर फुटांची जाड दोरी डोक्यावरून मागे-पुढे झुलवत सोडायची. ती आपल्या वजनाने जाते आणि फ्लायला सोबत नेते. रॉड, दोरी आणि रीळ यांना जे नंबर असतात ते या वजनावरून आलेले. दोरीचे पुढचे तीस फूट 210 ग्रेन भरले तर ती आठ नंबरची, 280 भरले तर दहाची. ग्रॅममध्ये सांगायचं तर साडेतेरा आणि अठरा. फरक साडेचार ग्रॅमचा. पण वारा सुटलेला असेल आणि फ्लाय कोंबडीच्या पिलाएवढी असेल, तर तो दंडाला चांगला कळतो.

बोनफिशला आठ नंबर पुरतो. स्ट्राइप्ड बासला नऊ बरा. परमिट नावाचा एक मासा आहे, आपल्या हलव्याच्याच कुळातला, चापट आणि महासंशयी; त्याला नऊ किंवा दहा. लहान टार्पन दहावर निघतो. मोठ्या टार्पनला अकरा-बारा लागतो आणि तिथे हा एका रिळाचा संसार संपतो. चाळीस-पन्नास किलोच्या टार्पनला आठ-नऊच्या रिळावर झुलवत ठेवणं यात शौर्य नाही. तुम्ही दमता, आणि तो इतका दमतो की सोडल्यावर शार्कच्या तोंडी जातो. फ्लोरिडात 2013 पासून बोनफिश घरी नेता येत नाही, आणि विक्रमासाठी काढलेल्या खास परवान्याखेरीज टार्पनही नाही. सोडायचाच आहे तर धड सोडावा. म्हणून माझ्या लेखी सगळीकडे चालणारं रीळ म्हणजे आठ ते दहा या टप्प्यातलं, आणि त्यातही नऊ-दहाच्या बाजूला झुकलेलं. आठ नंबरच्या रॉडवर ते पन्नास-साठ ग्रॅम जड वाटेल. वाटू द्यावं. जड रिळाने मनगट दुखतं. लहान रिळावर दोरीच संपते.

दोरी संपते म्हणजे काय, ते गुडघाभर पाण्यात उभं राहिल्याशिवाय समजत नाही. कीजमध्ये पांढऱ्या वाळूचे आणि गवताचे सपाट पट्टे आहेत. भरतीचं पाणी चढलं की बोनफिश त्यावर चरायला येतात. दोन-अडीच किलोचा मासा. फ्लाय त्याने उचलली, तुम्ही डाव्या हाताने दोरी खेचून आकडा रोवला, की क्षणभर काहीच होत नाही. मग तो निघतो. पायाशी सैल पडलेली दहा-बारा मीटर दोरी साप चवताळावा तशी उठते आणि वाटेत सापडेल ते धरते: शर्टाचं बटण, बुटाची नाडी, रिळाची मूठ. या दोन सेकंदांत माशाकडे बघायचं नसतं. डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने कडं करायचं आणि दोरीला त्यातून वाट द्यायची. शेवटचं वेटोळं उडतं, दोरी रिळाला ताठ होते, आणि तिथून पुढे तुमच्या हातात फारसं काही उरत नाही. शंभर फुटी दोरी गेली, तिच्यामागे बांधलेलं बारीक डेक्रॉनचं 'बॅकिंग' सुरू झालं, ते सुद्धा भराभर जातं आहे. बोनफिशने शंभर मीटर नेणं यात नवल काही नाही. वीस पौंडी बॅकिंग किमान दोनशे यार्ड मावलंच पाहिजे, हा हिशेब इथून येतो. रीळ घेताना मी पहिला प्रश्न तोच विचारतो. रंग नंतर.

दुसरा प्रश्न ड्रॅगचा, म्हणजे ब्रेकचा. दुकानात यावर जितकं अज्ञान मोठ्या आवाजात सांगितलं जातं तितकं दुसऱ्या कशावर नसेल. खोक्यावर छापलेलं असतं: ड्रॅग इतके पौंड. कोणी वीस म्हणतं, कोणी तीस. आता 1982 सालची गोष्ट बघा. बिली पेट या गृहस्थाने फ्लोरिडातल्या होमोसासाला 188 पौंडांचा टार्पन फ्लायवर काढला. जवळजवळ दोन दशकं तो विक्रम टिकला. मासा 85 किलोंचा, आणि ज्या टिपेटवर, म्हणजे पुढच्या बारीक धाग्यावर, तो धरला त्याची ताकद 16 पौंड. सव्वासात किलोंच्या वर ओढलं की तुटणार. अशा धाग्याला ड्रॅग लावायचा तो त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाचा. तीन पौंडांच्या आसपास. मासा उडी मारेल, डोकं झटकेल, त्यासाठी बाकीचं राखून ठेवायचं. बोनफिशला तर दोन पौंडही खूप झाले. मग तीस पौंडांचा ड्रॅग घेऊन करायचं काय? दादरच्या गर्दीत ताशी अडीचशे किलोमीटरची गाडी बाळगण्यासारखंच ते.

ड्रॅग किती जोरात धरतो याला माझ्या मते फारशी किंमत नाही. तो सुटतो कसा, याला आहे. दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबून स्थिर ठेवले की ते जरा चिकटून बसतात. चालतं चाक चालत ठेवायला जेवढा जोर लागतो त्याहून अधिक जोर थांबलेलं चाक हलवायला लागतो. वाईट रिळात हा फरक दुप्पट-तिप्पट असतो. तुम्ही दोन पौंडांवर लावून निर्धास्त असता, आणि मासा पहिली झेप घेतो त्या क्षणी धाग्यावर पाच-सहाचा हिसका बसतो. मासे जातात ते बहुतेक याच हिसक्याला. चांगल्या रिळात सुरुवात कधी झाली ते बोटांना कळतसुद्धा नाही.

लहानपणी काकांबरोबर गरवायला जायचो तेव्हा रीळ नव्हतंच. लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळलेली दोरी आणि ड्रॅग म्हणजे काकांची तर्जनी. दोरीने त्या बोटावर कायमची चर पडलेली होती. माझ्या हाताला तांबोशी लागली की मी घाबरून दोरी मुठीत आवळायचो आणि ते ओरडायचे, "सोड मेल्या, सोड! वडू नको, दोरी तुटतली!" आजवर मी ड्रॅगवर जे काही वाचलं आहे त्यात या वाक्यापेक्षा नेमकं काही सापडलेलं नाही. त्या तर्जनीला जे येत होतं ते धातूला शिकवण्यात या धंद्यातल्या कारागिरांची पन्नास वर्षं गेली.

गेली हे खरंच. 1947 साली मासेमारीवर लिहिणाऱ्या जो ब्रुक्स यांनी जिमी ऑलब्राइट या नावाड्याला घेऊन कीजमधल्याच इस्लामोराडाच्या उथळ पाण्यात मुद्दाम फ्लाय टाकून बोनफिश धरले आणि लोकांचं लक्ष या खेळाकडे वळलं. त्या काळातली रिळं मूळची नदीसाठी केलेली. खाऱ्या पाण्यात ती गंजायची, आणि मासा लांब पळाला की त्यांचे इवलेसे ब्रेक तापून निकामी व्हायचे. मग काही लेथवाल्यांनी यात हात घातला. त्यातला मला सर्वांत आवडणारा माणूस म्हणजे टेड जुरासिक. जन्म हंगेरीतला; 1956 च्या उठावानंतर देश सोडून अमेरिकेत आला. डाय-मेकर, म्हणजे साचे घडवणारा कारागीर. वर उल्लेख केलेल्या बिली पेट यांच्याबरोबर त्याने रीळ घडवलं आणि 1976 मध्ये ते पेट यांच्याच नावाने बाजारात आलं. पुढे 'टिबोर' ही रिळंही त्याचीच. त्यातली कल्पना साधी होती: कॉर्कची मोठी चकती, तिच्यावर दाबली जाणारी अॅल्युमिनियमची सपाट बाजू, आणि मधून जाणारा दांडा. नॉब फिरवला की दांडा दोघांना जवळ आणतो. बस. कॉर्क दबतं, सरकतं, उष्णता सोसतं आणि अडखळत नाही.

मला ही कॉर्कची रिळं आवडतात ती उघडता येतात म्हणून. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरायचं, नॉब पूर्ण सैल करून काढायचा, स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळलेलं चाक, उचलायचं. आत बशीएवढी तपकिरी चकती दिसते. तिच्यावर काळी चिकट पुटं धरलेली असतात. ती कोरड्या फडक्याने पुसायची. मग नीट्सफूट तेलाचे दोन-चार थेंब बोटाने गोल चोळायचे. हे तेल गुरांच्या पायांच्या हाडांतून काढतात, चामड्याला लावायला वापरतात. त्याचा वास आमच्या घरात कोणालाही आवडत नाही. कॉर्क ते हळूहळू पितं, पुन्हा मऊ होतं, आणि अंगठा दाबून सरकवला तर अडत नाही. एवढंच काम, पण वर्षातून दोनदा तरी करावं लागतं. ठेवून देताना ड्रॅग सैल करायला विसरलात तर कॉर्क दबून बसतं आणि मग त्याला तोच हिसका लागतो ज्याच्या भीतीने आपण हे रीळ घेतलं.

आता दुसरी जात आली आहे: सीलबंद ड्रॅग. आत कार्बन फायबरच्या किंवा तसल्याच कृत्रिम चकत्या, बाहेरून रबराची कडी. मीठ, वाळू, पाणी काही आत जात नाही. तेल-पाणी काही करावं लागत नाही. ज्याला रविवारी संध्याकाळी नीट्सफूट तेलाशी खेळण्यात रस नाही त्याने हीच घ्यावी, आणि असं म्हणताना मला जराही कमीपणा वाटत नाही. दहातल्या नऊ जणांना मी हाच सल्ला देतो. माझी कुरकुर एकच. सील बिघडलं तर टेबलावर काही करता येत नाही. डबा बांधून कारखान्याला पाठवावा लागतो आणि हंगाम निघून जातो. म्हणून सीलबंद रीळ घ्यायचं तर ज्यांची दुरुस्तीची ख्याती आहे अशांचंच घ्यावं, आणि हंगाम संपताच, थंडीत, एकदा तपासून घ्यावं.

धातूबद्दल थोडक्यात. ओतीव रीळ स्वस्त मिळतं, शंभर-सव्वाशे डॉलरमध्येही; पडलं की कडा वाकते किंवा तडकते. अॅल्युमिनियमच्या भरीव दांड्यातून कोरून काढलेलं रीळ महाग, पाचशेच्या पुढे सहज जातं, पण पिढी बदलली तरी चालतं. वर अॅनोडायझिंगचा जाड थर हवा. स्टीलचा स्क्रू अॅल्युमिनियममध्ये बसवलेला असेल आणि मध्ये खारं पाणी राहिलं, तर तिथे छोटी बॅटरीच तयार होते आणि अॅल्युमिनियम झिजत जातं. स्क्रूभोवती पांढरी पूड दिसली की समजावं. घरी आल्यावर साध्या नळाच्या मंद धारेखाली धुवावं. बागेच्या पाइपचा फवारा मारणारे लोक मीठ आत ढकलतात. ओलं रीळ झिपच्या पिशवीत कोंबून ठेवणं तर त्याहून वाईट. आणि बॅकिंग भिजलं असेल तर तेही काढून धुवावं, कारण सर्वांत खोल गंज त्याच्याखाली, स्पूलच्या पोटात, कोणाला न दिसता लागतो.

आता आर्बर, म्हणजे स्पूलच्या मधला गाभा. जुन्या रिळांचा गाभा बारीक असे. फ्लाय रिळात गिअर नसतात. मूठ एकदा फिरवली की स्पूल एकदाच फिरतं. चार इंच व्यासाचं स्पूल भरलेलं असेल तर एका फेऱ्यात बत्तीस सेंटिमीटर दोरी येते. तीच दोरी बाहेर जाऊन आत दीड इंचाचा गाभा उरला असेल तर बारा सेंटिमीटर. शंभर मीटर परत आणायला एकीकडे तीनशेच्या वर फेरे, दुसरीकडे आठशेच्या वर. आणि बोनफिश अर्ध्यातून वळून थेट तुमच्याकडे पळत येतो तेव्हा हा फरक हिशेबाच्या वहीतला राहत नाही. दुसरी गोष्ट अधिक वाईट. ब्रेक तोच ठेवला आणि दोरीच्या गुंडाळीचा व्यास निम्मा झाला की धाग्यावरचा ताण दुप्पट होतो. त्यात पाण्यातून फरफटणाऱ्या शंभर फुटी दोरीचा भार. म्हणजे मासा सर्वांत लांब असताना, जेव्हा तुम्हाला घाबरून ड्रॅग आवळावासा वाटतो, नेमका तेव्हाच तो सैल करायला हवा. काकांचं वाक्य पुन्हा एकदा. मोठ्या गाभ्याचं रीळ हा फरक कमी करतं, म्हणून मोठा गाभा घ्यावा. जागा थोडी जाते, ती रीळ एक माप मोठं घेऊन भरून काढावी.

मूठ कोणत्या बाजूला, यावर भांडणं आहेत. लेफ्टी क्रे यांच्यासारखा जाणकार आयुष्यभर सांगत राहिला की ज्या हाताला सवय आहे त्यानेच गुंडाळावं, कारण शंभर मीटर दोरी भराभर गुंडाळताना डावखुरा नसलेल्याचा डावा हात दमतो. मी उजव्याने फेकतो आणि डाव्यानेच गुंडाळतो, कारण त्या घाईत रॉड या हातातून त्या हातात देणं मला जमत नाही. दोन्ही बाजू बदलता येतील असं रीळ घेतलं की भांडण मिटतं. मासा पळताना मूठ उलटी गरगरते, तेव्हा बोटं लांब ठेवावीत, एवढ्यावर मात्र सगळ्यांचं एकमत आहे. नखं काळी झालेली पाहून ते झालेलं आहे.

आणि आता ज्या गोष्टीकडे खरेदीच्या दिवशी कोणीच बघत नाही ती. कीजच्या उन्हासाठी केलेल्या दोरीचा लेप कडक असतो, म्हणजे तापल्या पाण्यात ती मऊ पडत नाही. तीच दोरी मेमध्ये केप कॉडच्या थंडगार पाण्यात काढली की तारेसारखी वेटोळी धरून बसते, फेकलीच जात नाही. केप कॉडची दोरी कीजला नेली तर उन्हात लिबलिबीत होऊन रॉडच्या कड्यांना चिकटते. शिवाय कीजच्या सपाट पट्ट्यांवर तरंगती दोरी हवी आणि केप कॉडच्या लाटांत सावकाश बुडणारी. तेव्हा एका रिळावर दोन समुद्र करायचे तर दोन दोऱ्या लागतात, आणि दोन दोऱ्यांना दोन स्पूल. रिळाचा सांगाडा आणि ब्रेक एकच, स्पूल बदलायचं. दुसरं रीळ घेण्यापेक्षा हे निम्म्या किमतीत होतं. 'सगळीकडे चालणारं रीळ' या शब्दांमागचं गुपित मला तरी एवढंच दिसतं.

घ्यायला जाल तेव्हा दोन गोष्टी करा. ड्रॅग अगदी सैल ठेवून दुकानातच दोरी हाताने सावकाश ओढा, थांबा, पुन्हा ओढा. सुरुवातीला हिसका जाणवला तर किंमत कितीही मोहात पाडो, रीळ परत ठेवा. आणि पसंत पडलं तर जादा स्पूल त्याच दिवशी घ्या. कंपन्या मॉडेल बदलतात, आणि मग तुमच्या रिळाला बसणारं स्पूल कुठेच मिळत नाही.